माणूस बघून कळत नाही

मरोळच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची मुलाखतीची खोली होती. खाली पॅकिंगचा खडखडाट, वर आम्ही दोघं आणि एक टेबल फॅन. जुलै महिना. स्टोअर्समध्ये कारकून हवा होता. साडेदहाला बोलावलेला मुलगा बदलापूरहून यायचा होता, तो पोचला अकराला दहा कमी असताना. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, फाइल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठणठणीत.

साहेबांनी विचारलं, "रोज कुठून येणार?"

"बदलापूर, सर."

"म्हणजे पावसाळाभर असंच?"

मुलगा काहीतरी पुटपुटला. मग साहेबांनी त्याला इंग्रजीत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं, तो दुसऱ्याच वाक्यावर अडला. चार-पाच मिनिटांत तो जिना उतरत होता. "कॉन्फिडन्स नाही," साहेब म्हणाले, "माणूस बघितला की कळतं." मी मान डोलावली आणि फॉर्मवर 'नॉट सुटेबल' लिहिलं. अक्षर माझं होतं, तेव्हा चूक माझ्याही खात्यावर.

त्याच्या मागून आलेला मुलगा मरोळ नाक्यावरचाच. झकास बोलला. साहेबांच्याच शाळेचा निघाला, मग दहा मिनिटं शाळेतल्या मास्तरांच्या आठवणी निघाल्या. घेतला. दिवाळीच्या आत स्टोअर्समधला माल आणि रजिस्टरमधले आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या प्रत्येक खणाला लावलेल्या नोंदीच्या कार्डावर, आवक कुठे लिहायची आणि जावक कुठे, हेच त्याला धड ठाऊक नव्हतं. आम्ही ते विचारलंच नव्हतं. टेबलावर एक कोरं बिन कार्ड आणि पाच चिठ्ठ्या ठेवून "भर" म्हणायला पाच मिनिटं पुरली असती.

आज हे सांगताना मोह होतो, की बघा, बदलापूरच्या मुलाची फाइल कोरडी होती, म्हणजे केवढा काळजी घेणारा होता तो! पण हेही पुन्हा बघून ओळखणंच झालं. तो चांगला कारकून झाला असता की नाही, हे त्या पिशवीवरून ठरत नाही. ते कळायची जी साधी वाट होती ती आम्ही धरली नाही, एवढंच खरं.

त्या वर्षापासून मी एक वही ठेवली. ज्याला घेतला त्याच्या नावापुढे मुलाखतीच्या दिवशीच चांदण्या काढायच्या. दोन म्हणजे पक्का, एक म्हणजे बरा, काहीच नसेल तर साहेबांच्या आग्रहाने घेतलेला. वर्षाने ती पानं उघडून हजेरी, चुका, सुपरवायझरचं म्हणणं यांच्याशी ताडून बघायची. याला संशोधन म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण दोन चांदण्यांची माणसं चांगल्या-वाईटात अशी विखुरलेली दिसायला लागली, की माझा माणसं ओळखण्याचा तोरा दोन-तीन वर्षांत उतरला.

माझं म्हणणं एवढंच आहे. जो दुसऱ्याच्या पोटापाण्याचा निर्णय घेतो, त्याने आपला अंदाज आधी कागदावर लिहावा आणि नंतर तो तपासायला उघडा ठेवावा. मग तो दहा माणसांच्या गाळ्याचा मालक असो, महापालिकेचा आस्थापना विभाग असो की पोलीस ठाण्याची ड्यूटी लावणारा हवालदार.

या शहराला अंदाजाने माणूस घेणं नवं नाही. गिरणगावात नोकरी लावायचा तो जॉबर, म्हणजे गिरणीतल्या खात्याचा मुकादम. गावाकडून उतरलेला भाचा-पुतण्या त्याच्या ओळखीवर साच्याला, म्हणजे यंत्रावर, लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. नोकरी लावायला आणि लागलेली टिकवायलाही हात ओले करावे लागत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या, कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवलं. मग १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्यांच्या, नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी फाटकावर हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरच्या मर्जीच्या जागी कार्ड आलं. बदली कामगारांचं पुढे जे झालं ते वेगळं दुखणं, १९८२ च्या संपापर्यंत ते पोचलं.

तरी जॉबरच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. तो त्या माणसाच्या शेजारी दिवसभर उभा असे. चुकीचा माणूस आणला तर माग त्याच्याच खात्यात बंद पडत आणि शिव्या त्यालाच बसत. आमच्या साहेबांना त्या स्टोअर्सवाल्या मुलाची झळ कधीच लागली नाही. ती लागली गोडाऊनमधल्या दोन हमालांना, ज्यांनी दिवाळीच्या तोंडावर रात्री जागून माल मोजला.

आता शास्त्राकडे. मानसशास्त्रज्ञ शंभर वर्षं एकच साधा प्रश्न विचारत आलेत: निवडीच्या वेळी दिलेले गुण आणि पुढे कामावर दिसलेली कामगिरी यांचा मेळ किती बसतो? मेळ शून्य असेल तर नाणं उडवावं, एक असेल तर ज्योतिषाचं दुकान बंद करावं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांची गोळाबेरीज मांडली. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न आणि उत्तरांना ठरलेले गुण, अशा मुलाखतीचा मेळ ०.५१. आपली नेहमीची गप्पावजा मुलाखत ०.३८. अनुभवाची वर्षं ०.१८. हस्ताक्षरावरून स्वभाव ०.०२. सही बघून माणूस सांगणाऱ्यांना आपल्याकडे अजून मान आहे, म्हणून हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लिहिला.

पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा तपासला आणि जुन्या गणितातल्या काही दुरुस्त्या जरा जास्तच उदारपणे केल्या होत्या असं दाखवून दिलं. नवा हिशेब असा: ठरीव मुलाखत ०.४२, गप्पावजा मुलाखत ०.१९, अनुभवाची वर्षं ०.०७. बुद्धिमापन चाचणी ०.५१ वरून ०.३१ वर घसरली. अनुभवाचा आकडा पुन्हा वाचा. 'किमान पाच वर्षांचा अनुभव' ही अट आपण प्रत्येक जाहिरातीत डोळे मिटून घालतो, आणि तेवढ्यावर पोरांना फाटकाबाहेर ठेवतो.

यावर एक ओळखीचा टोमणा येतो, की शास्त्रज्ञच आज एक म्हणतात, उद्या दुसरं, मग विश्वास कुणावर ठेवायचा? मला तर यातच विश्वासाची जागा दिसते. २४ वर्षांनी कुणीतरी येऊन आकडा खाली ओढला आणि तो छापूनही आला. आमच्या साहेबांचा अंदाज वीस वर्षांत एकदाही दुरुस्त झाला नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता. आणि ०.४२ म्हणजेही निम्म्याहून जास्त अंधारच आहे, हे मान्य करायला हवं. माणूस निवडणं कुणालाच पुरतं जमत नाही. काहींना कमी चुकीचं जमतं.

गप्पांची मुलाखत किती फसवते, याचा जेसन डाना, रॉबिन डॉझ आणि नाथनियल पीटरसन यांनी २०१३ मध्ये छापलेला प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घ्यायची आणि त्यांना पुढच्या परीक्षेत किती गुण पडतील ते सांगायचं. काही मुलाखती देणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं, की प्रश्नाच्या शेवटच्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून एका ठरलेल्या नियमाने हो किंवा नाही म्हण. म्हणजे उत्तरं निव्वळ फाशांवर. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. समोरचा माणूस आपल्याला कळला, असंच त्यांना वाटत राहिलं. बरं, फक्त जुने गुण बघून केलेला अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा सरस ठरला. मुलाखतीने माहितीत भर पडली नाही, होती ती माहिती गढूळ झाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे दुखणं १९८० मध्येच ओळखलं होतं. अजय हासिया खटला. प्रश्न श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा. एकूण गुणांतले एक तृतीयांश मुलाखतीला, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची. वडील कोण, राहता कुठे, असले प्रश्न विचारले गेल्याची उमेदवारांची तक्रार होती. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणं मनमानी ठरेल, असं न्यायालयाने सांगितलं, आणि मुलाखतीचं ध्वनिमुद्रण करावं अशी सूचनाही केली. तेव्हा टेपरेकॉर्डर आणावा लागला असता. आता प्रत्येकाच्या खिशात तो आहे, तरी बंद दाराआडच्या मुलाखतीचा आवाज क्वचितच बाहेर येतो.

'कुठून येता' हा प्रश्न मुंबईत साळसूद वाटतो. उशीर होईल का, एवढंच विचारायचंय, असं म्हणता येतं. पण त्या एका उत्तरात पत्ता कळतो, पत्त्यावरून वस्ती, वस्तीवरून पुष्कळ काही. आडनावाचंही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲट्टवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाची एक तृतीयांश. इथे कुणी कुणाला बघितलंही नव्हतं. या खाजगी कंपन्यांपैकी एकाही ठिकाणी 'आम्ही नावावरून माणसं गाळतो' अशी पाटी नसणार. प्रत्येकाला वाटत असणार, की आपण गुणवत्ताच बघतो. अंदाज लिहून ठेवला नाही की त्यात काय काय मिसळलंय ते अंदाज करणाऱ्यालाही कळत नाही.

सरकारने मुलाखतीतल्या वशिल्यावर उपाय म्हणून १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट 'ब' अराजपत्रित, 'क' आणि 'ड' पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या. वशिल्याचा एक मोठा दरवाजा बंद झाला, ते चांगलंच झालं. पण माझ्या मते औषध अर्धंच होतं. मुलाखत काढली आणि तिच्या जागी पाठांतराला सगळी गादी दिली. कारकुनाच्या परीक्षेला पोरं नद्यांची उगमस्थानं आणि समित्यांचे अध्यक्ष घोकतात. टंकलेखन सोडलं तर ज्या कामाला बसायचंय त्याचा तुकडा कुठे समोर येतो? तक्रारीचं एक पत्र देऊन 'याचं उत्तर लिहा' म्हटलं, तर परीक्षेचा खर्च थोडा वाढेल. नंतर तीस वर्षं त्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या लोकांचा वेळ कोण मोजतं?

हे जमत नाही असंही नाही. रेल्वे सहायक लोको पायलट निवडताना लेखी परीक्षेनंतर संगणकावर वेगळी अभियोग्यता चाचणी घेते. स्मरण, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग. तिथे कुणी स्वतःबद्दल दोन शब्द बोलायला सांगत नाही. इंजिनाच्या कामाला काय लागतं ते कुणीतरी बसून ठरवलंय, आणि तेवढंच तपासलं जातं.

माझ्या बोलण्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला आक्षेप म्हणजे, "मॅडम, हे अमेरिकेत ठीक आहे. इथे चालत नाही." त्यांना मी तारापूर सांगते. चर्चगेटहून डहाणूची गाडी पकडली की बोईसरला उतरायचं, तिथून रिक्षा. तारापूर आणि पुढे उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत २००८ पासून एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाची चाचणी घेतात तसाच तो मांडला. १७ कंपन्या, त्यांचे २० कारखाने प्रयोगात. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी: १४ कारखान्यांना सल्लागारांनी महिनाभर तपासणी करून पुढे चार महिने हाताला धरून सुधारणा करवून दिल्या, उरलेल्या ६ कारखान्यांत फक्त तपासणी. सुधारणा म्हणजे काही रॉकेट नव्हतं. बिघडलेल्या मागांची नोंद, कापडातल्या दोषांची रोज मोजणी, सुताच्या साठ्याची यादी, कुणाचं काम काय ते लिहून लावणं, चांगल्या कामाला बक्षीस. अशा ३८ गोष्टी. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मला या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते. मालकांना विचारलं, की हे आधी का नाही केलं, तर पुष्कळांचं उत्तर होतं की आमच्याकडे याची गरज नाही, आमचा माल चांगलाच असतो. दोष मोजलेच नव्हते, मग माल चांगला असणारच! आणि कंपनी किती मोठी होईल हे कशावरून कळतं, तर घरात पुरुष किती यावरून. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, म्हणून मुलगा, भाऊ, पुतण्या जितके तितकेच कारखाने. चांगलं चालवणारा वाढत नाही, आणि जेमतेम चालवणारा बुडत नाही. जॉबरचा भाचा आणि मालकाचा पुतण्या यांत मला फार अंतर दिसत नाही; एक साच्याला लागला, दुसरा केबिनला.

सुमारे नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. कारण? जो मॅनेजर ते बघत होता तो सोडून गेला, मालकाला वेळ मिळेना. तरीही प्रयोगातले कारखाने बाकीच्यांपेक्षा बरेच पुढे होते, आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांतही बऱ्याच गोष्टी पोचल्या होत्या. शेजारच्या कंपनीत मात्र जवळजवळ काहीच पोचलं नव्हतं. कुंपणापलीकडे काय चाललंय ते दिसत असूनही.

माणूस कोणता, हा झाला अर्धा प्रश्न. माणसं किती, हा उरलेला अर्धा, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वी आई एका मोठ्या रुग्णालयात होती. नाव घेत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. पलंग भरलेले, दोन पलंगांच्या मध्ये खाली गाद्या. रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर आणि एक मावशी. पहाटे तीनच्या सुमाराला आईची सलाइन संपली. मी उठून बघितलं तर सिस्टर टोकाच्या पलंगाशी एका पेशंटला धरून उभ्या, तिथूनच मला म्हणाल्या, "ताई, तेवढी चावी फिरवून बंद करा, मी आले." मी चावी बंद केली. माझ्या जागी कुणीच नसतं तर? पुढच्या चार पलंगांशी नातेवाईक कुणीच नव्हतं.

लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. परिचारिकेकडच्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. चाराच्या जागी आठ रुग्ण असतील तर ३१ टक्क्यांनी. हा निरीक्षणाचा अभ्यास होता, प्रयोग नव्हे. कमी सिस्टर असलेल्या रुग्णालयात इतरही उणिवा असतात, असं म्हणायला जागा होती. म्हणून ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड महत्त्वाचं. तिथे २०१६ मध्ये सरकारने काही रुग्णालयांना दिवसा चारास एक आणि रात्री सातास एक अशी मर्यादा घातली आणि बाकीची रुग्णालयं तुलनेला राहिली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: परिचारिकेकडचे रुग्ण कमी झाले तिथे मृत्यूची आणि पुन्हा दाखल होण्याची शक्यता घटली, आणि जे पैसे वाचले ते जास्तीच्या परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुप्पट होते.

आपल्याकडे प्रमाण ठरवलेलं नाही असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयाला पाचांमागे एक, शिवाय रजेवरच्यांसाठी वेगळी राखीव संख्या. मंजूर पदं, भरलेली पदं आणि रात्री तीन वाजता वॉर्डात खरोखर उभी असलेली माणसं हे तीन वेगळे आकडे असतात. पहिले दोन माहितीच्या अधिकारात मागता येतात. तिसरा आकडा प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळ्यावर खडूने लिहायला काय हरकत आहे? आज रात्री सिस्टर किती, रुग्ण किती. ते फळे महिनाभर लिहिले गेले, की भरतीच्या फाइलीला वेगळा वेग येईल, असं मला वाटतं.

कामाच्या तासांचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या एका बलाढ्य कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास कामाचा सल्ला दिला आणि चार दिवस गदारोळ झाला. भांडण सगळं 'संस्कार विरुद्ध आळस' असं रंगलं. यावर मोजमाप आहे, तेही पहिल्या महायुद्धातलं. ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी जॉन पेनकॅव्हल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे दर जादा तासाचं उत्पादन घसरत जातं, आणि ७० तास राबून जेवढं निघतं ते ५६ तासांत निघणाऱ्यापेक्षा फारसं जास्त नसतं. युद्ध चालू असताना, देशासाठी जीव तोडून काम करणाऱ्यांचे हे आकडे आहेत.

याच शहरात याचं एक देशी उदाहरण घडलं होतं. पोलीस शिपायाची ड्यूटी बारा तासांची, आणि तीही कागदावर. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचा तक्ता मांडून दाखवला: आहे त्याच मनुष्यबळात, आठ तास काम, सोळा तास आराम. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला टाकला नाही. आधी देवनारला करून बघितला, मग हळूहळू इतर ठाण्यांत नेला. मला यातला क्रम मोलाचा वाटतो. तक्ता खालून आला, एका ठाण्यात तपासला गेला, मग पसरला. कोविडनंतर वेळापत्रकं पुन्हा बदलली. तारापूरच्या मॅनेजरसारखंच इथेही झालं: माणूस गेला की पद्धत पातळ होते. म्हणून अशा गोष्टी एखाद्या भल्या अधिकाऱ्याच्या आठवणीवर सोडू नयेत, नियमात बांधाव्यात.

माझ्या बाजूचेच काही लोक मला घाबरवतात, तेही सांगते. 'पुरावा' आणि 'डेटा' हे शब्द हातात घेऊन स्वच्छतागृहात किती मिनिटं लागली ते मोजणारे निघाले आहेत. अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या, वेळी माणसांना घंटेच्या आकाराच्या आलेखात कोंबून तळाच्या काहींना दरवर्षी बळी देणारेही स्वतःला शास्त्रीय म्हणवतात. तिथे शास्त्र काय सांगतं? वरिष्ठांनी दिलेल्या गुणांतला निम्म्याहून जास्त फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेतून येतो, असं २००० मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. म्हणजे माझ्या अप्रेझलमध्ये माझ्यापेक्षा माझा साहेब जास्त दिसतो. संगणकाला निवड करायला बसवलं तर तोही साहेबाकडूनच शिकतो. अर्ज चाळण्यासाठी ॲमेझॉनने बनवलेली प्रणाली बायकांचे अर्ज खाली ढकलत होती, हे २०१८ मध्ये उघड झालं. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर ती शिकली होती, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा पुरावा मागायचा तो आधी वरच्याकडून. शिपायाला, सिस्टरला, कारकुनाला मोजणारी फूटपट्टी ज्याच्या हातात आहे, त्याची फूटपट्टी खरी आहे का, हा पहिला प्रश्न.

"माणूस म्हणजे काय आकडा आहे का?" असंही मला विचारतात. नाहीच. पण साहेबांनी त्या मुलाला मनातल्या मनात आकडाच दिला होता. दहापैकी तीन असेल. तो लिहिला नाही, एवढंच, म्हणून त्याच्यावर अपील करता आलं नाही.

आता मी निवृत्त आहे, अधूनमधून छोट्या कंपन्यांना भरतीत मदत करते. गेल्या महिन्यात गोरेगावला एका औषधांच्या होलसेलरकडे गेले होते. बिलिंगला माणूस हवा होता. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. पहिला उमेदवार आत आला, नालासोपाऱ्याचा, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मालक माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, कसा वाटतो?"

मी पिशवीतून दहा ऑर्डरी आणि कोरी बिलं काढून त्या मुलासमोर ठेवली. दोन ऑर्डरींत बॅच नंबर मुद्दाम चुकवलेले होते. "वीस मिनिटं आहेत, घाई नाही," म्हटलं. मालकांना खिडकीकडची खुर्ची दिली, मीही तिकडे तोंड करून बसले. मालक दोनदा वळून बघायला लागले तेव्हा मी चहा मागवला. मागे पेन चालल्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता. खाली हायवेवर सगळं तुंबलेलं.